निवड तळघरात

३ मार्च, सोमवार

सगळं बदललं ते आज, साहेबांच्या खोलीत, ती तोंड उघडून बोलली तेव्हा. उद्या कोणी विचारलं, हा मुलगा बिघडला कधी, तर उत्तर तयार असावं — आज, पंख्याखाली, चहा यायच्या आधी.

"पिशवीची निवड वर व्हायलाच नको, साहेब," ती म्हणाली. "ती खाली आणा. सर्व्हरमध्ये."

माझ्याकडे न बघता!

निवड म्हणजे माझी निवड. रक्तपेढीच्या कुठल्याही काउंटरवर मागणी आली की माझा प्रोग्राम खालून सगळा साठा त्या काउंटरच्या मशीनवर आणतो — गट, मुदत, कोणती मोकळी, कोणती राखून ठेवलेली — आणि त्यातली सगळ्यात आधी मुदत संपणारी पिशवी काढून देतो. पूर्वी हाताला लागेल ती पिशवी जायची आणि मागची पडून सडायची. ते थांबलं ते माझ्यामुळे. या इमारतीत माझं म्हणावं असं तेवढंच. बाकीच्यांकडे पदव्या आहेत. मी दुसऱ्या वर्षाला कॉलेज सोडलं. (प्राध्यापकांना डस्टर फेकून मारला नव्हता. टेबलावर आपटला होता. फरक आहे.) आता निवडच काढून घेतली तर मी उरतो काय? स्क्रीनवरच्या खिडक्या रंगवणारा!

आणि हे म्हणावं तिने! डेटाबेस सांभाळते म्हणून काय सगळंच गिळणार? तिचं नाव इथे लिहीत नाही, ताई माझे कप्पे आवरते. तळघर म्हणू. सर्व्हर तळघरात, आणि ती दिवसभर त्याच्या शेजारी. शुक्रवारीच जिन्यात म्हणाली होती, "तुझ्या स्क्रीनचा हिरवा रंग बरा आहे रे, डोळ्यांना त्रास नाही." त्या एका वाक्यावर मी शनिवार-रविवार काढला. आता वाटतं, केसाने गळा कापायची तयारी होती ती.

पुढचं ऐकायला थांबलोच नाही. उठलो. दार मागे असं आपटलं की मुख्य खिडकीवरच्या दणकाबाईंनी मान वर केली. (त्या बटणं अशी दाबतात की टेबल हलतं. नाव मी ठेवलंय, पण आता सगळेच म्हणतात.)

"वादळ आलं का रे?"

आलं.

४ मार्च, मंगळवार

तळघरात गेलो. विचारायला. म्हणजे भांडायला.

"दार लाव आधी. गारवा जातो."

हे तिचं नेहमीचं पहिलं वाक्य. सर्व्हर तापतो म्हणून खोली कायम गार ठेवतात. मी ते दार आजवर एकदाही लावलेलं नाही. आजही नाही.

"माझी निवड कशाला हवी तुला?"

"मला नकोय. ती जिथे असायला हवी तिथे हवीय. एक पिशवी द्यायची तर तू अख्खा साठा वर ओढतोस. दर मागणीला! डोंगर पोखरून उंदीर. माहिती जिथे आहे तिथेच निवडावं, वर नुसता नंबर पाठवावा."

"सर्व्हर एक, काउंटर ढीगभर. सगळ्यांचं डोकं त्याने एकट्याने चालवायचं तर बसेल मटकन खाली."

"बसला तर मी उठवीन त्याला. तू फक्त उंटावरून शेळ्या हाकायचं थांबव."

उंटावरून! मी!

"शेळ्या काय तुझ्या एकटीच्या आहेत का?" असं काहीतरी बोललो. लिहितानाही लाज वाटते. भांडणात मला कधी चांगली वाक्यं सुचत नाहीत, नंतर जिन्यात सुचतात.

"ऐक, वेग सोड. त्याहून मोठी गोष्ट वेगळीच आहे —" ती म्हणाली, पण मी तोवर पायऱ्यांवर होतो. मागून नुसतं ऐकू आलं — "दार!"

६ मार्च, गुरुवार

पाणी कुठेतरी मुरतंय.

केबलवाला आज पुन्हा तळघरात. हा इमारतीतल्या तारा बघतो. उंच, कमरेला पक्कड लटकवून हिंडतो, जसं काही राजाच निघालाय तलवार घेऊन. मी पायऱ्या उतरलो आणि दोघं गप्प! तिच्या खुर्चीच्या पाठीवर जाड निळं जॅकेट, पुरुषाचं. टेबलावर दोन कप. ती चहा पीत नाही — मला पक्कं माहीत आहे, साहेबांच्या खोलीत दर वेळी तिचा कप ती माझ्याकडे सरकवते. मग हे दोन कुणाचे? बरं, एक त्याचा. दुसरा? म्हणजे त्याच्याबरोबर पिते!

"काय हवं होतं?" तिने विचारलं.

"काही नाही. बघायला आलो."

"मग बघितलंस?" केबलवाला म्हणाला आणि हसला.

बघितलं. सगळं बघितलं.

७ मार्च, शुक्रवार

आता उलगडा झाला. निवड खाली न्यायची कल्पना तिची नाहीच. त्याने तिचे कान भरलेत.

१० मार्च, सोमवार

जेवताना ताई म्हणाली, "तोंडाला कुलूप घातलंयस का आज?"

"ऑफिसात कट शिजतोय."

"शिजू दे," भावजी म्हणाले, ताटातून मान न काढता. "इथे शिजलंय ते जेव आधी."

"याला ना," ताई त्यांना सांगायला लागली, मी समोर नसल्यासारखी, "भाजीत मीठ कमी पडलं तरी कोणीतरी मुद्दाम काढून नेलंय असं वाटतं. सुतावरून स्वर्ग! लहानपणी घरातलं घड्याळ बंद पडलं तर म्हणे शेजाऱ्यांनी थांबवलं."

"थांबवलंच होतं!"

"सेल संपला होता, बाळा."

भावजी हसले. मग पाणी पिता पिता सहज म्हणाले, "कटात मुलगी आहे का?"

 भावजींना मधूनच इतकं स्वच्छ दिसतं की त्यांच्यावरही संशय येतो. कुणी सांगितलं यांना?

"असली तर विचारून मोकळा हो. मी नाही का, तुझ्या ताईला सरळ बसस्टॉपवर विचारलं."

"विचारलंत कुठे?" ताई म्हणाली. "छत्री विसरून पळालात. ती परत द्यायला मीच आले."

विचारून मोकळा हो म्हणे. विचारायचं काय त्यात? पुरावे तर माझ्याकडे आहेत.

११ मार्च, मंगळवार

सकाळी गर्दीच्या वेळी सगळ्या काउंटरवर स्क्रीन थिजल्या. प्रसूती रुग्णालयातल्या आमच्या काउंटरवरून फोन, मोठ्या रुग्णालयातून फोन. साहेब दारात उभे राहून फक्त माझ्याकडे बघत होते.

माझा प्रोग्राम तोच, काल होता तोच. मग हळू कशाने झाला? तार! आणि तार कुणाच्या हातात?

गेलो तडक केबलवाल्याकडे. तो मागच्या पॅसेजमध्ये तारांचं कपाट उघडून उभा होता.

"मुद्दाम गळा आवळतोयस ना तारेचा? माझा प्रोग्राम नालायक दिसावा म्हणून?"

तो चिडला नाही. याचाच मला जास्त राग आला. मला खांद्याला धरून कपाटासमोर उभं केलं. बारक्या दिव्यांची रांग. "हा दिवा दणकाबाईंचा. आता बघ. — बाई, एक मागणी टाका हो!"

दणका ऐकू आला. दिवा पिसाटासारखा लुकलुकायला लागला. थांबेचना.

"काय आणतोय हा एवढं?"

"साठा."

"एका पिशवीसाठी? आणि सकाळी सगळे काउंटर एकदम हेच करतात. तार काय फुगा आहे का रे, फुंकला की मोठा होईल?"

दिवा लुकलुकतो, मान्य. म्हणजे तो खरा आहे असं नाही. दिवे त्याचे, कपाट त्याचं, किल्लीसुद्धा त्याच्याचकडे!

१३ मार्च, गुरुवार

आज हसलो! तिच्याबरोबर!

निवडीचा एक तुकडा तिने सर्व्हरमध्ये बसवून बघायला घेतलाय, दणकाबाईंच्या खिडकीपुरता, रोज संध्याकाळी थोडा वेळ. पण बाईसाहेब हात दाखवायच्या नादात छापायची चिठ्ठीसुद्धा खालूनच तयार करून पाठवायला गेल्या. लांब नावं मधेच तुटली, वॉर्डाचं नाव कागदाबाहेर पडलं. दणकाबाईंनी चिठ्ठी वर धरली — "हा पेशंट अर्धाच आलाय. उरलेल्याला रक्त नको का?"

मी चिठ्ठी घेऊन दोन-दोन पायऱ्या उतरलो.

"कागद केवढा, छापणारं मशीन कुठलं, हे तुझ्या सर्व्हरला काय कळणार? त्याने जन्मात कागद पाहिलाय का?"

ती हसली. तोंडावर हात धरून. मग म्हणाली, "खरंय. चुकलं माझं. रंग, खिडक्या, चिठ्ठ्या — हे सगळं वर, तुझ्याकडे. निवड माझ्याकडे."

"निवड माझी," मी म्हटलं.

"बघू," ती म्हणाली.

बघू! नाही म्हणाली नाही. बघू म्हणाली. घरी येईपर्यंत तो शब्द खिशात नाण्यासारखा चाचपत होतो.

१४ मार्च, शुक्रवार

केबलवाल्याबरोबर हसतानाही ती तोंडावर हात धरते. आज जिन्याच्या वळणावर उभा राहून खात्री केली.

१८ मार्च, मंगळवार

लिहावंसं वाटत नाही. तरी लिहितो.

दुर्मीळ गटाची एकच पिशवी शिल्लक होती. सकाळी सगळीकडे गर्दी, स्क्रीन जड चालत होत्या. प्रसूती रुग्णालयाच्या काउंटरने मागणी टाकली — बाळंतीण, रक्त थांबत नाही. माझ्या प्रोग्रामने नंबर दिला, चिठ्ठी छापली. त्याच वेळी इथे दणकाबाईंनी एका अपघातातल्या पेशंटसाठी मागणी टाकली. माझ्या प्रोग्रामने नंबर दिला, चिठ्ठी छापली.

तोच नंबर.

अपघाताच्या पेशंटची माणसं इमारतीतच होती. ती पिशवी घेऊन गेली. मग बाळंतिणीचे वडील आले, धापा टाकत. दणकाबाईंनी शीतकपाट उघडलं. खण रिकामा.

ते ओरडले असते तर बरं झालं असतं. चिठ्ठी माझ्यापुढे धरून नुसतं विचारत राहिले, "पण यावर नंबर आहे ना, बाळा? नंबर आहे म्हणजे पिशवी असेलच ना?"

मी स्क्रीनकडे बघत होतो. स्क्रीन हिरवी होती.

साहेबांनी शेजारच्या गावातल्या रक्तपेढीला फोन लावला. तिथे होती एक. गाडी बाहेर गेलेली. केबलवाला बर्फाची पेटी मोटरसायकलला बांधून निघाला, पक्कड टेबलावर टाकून.  तो येईपर्यंत बाळंतिणीचे वडील पॅसेजमधल्या बाकावर बसून चिठ्ठीला घड्या घालत होते. घालायचे, उलगडायचे, परत घालायचे. दणकाबाई बटणांना हात लावत होत्या तो मांजराला लावावा तसा.

पिशवी पोहोचली. आई वाचली, बाळ ठीक आहे. दुपारी फोन आला तेव्हा दणकाबाई पदर तोंडाला लावून रडल्या. केबलवाल्याच्या पाठीवर सगळ्यांनी थापा मारल्या. मी नाही मारली. ती तळघरातून वर आली होती. त्याच्याकडे बघून म्हणाली, "वेळेवर पोहोचलास." बास, तेवढंच. पण कसं म्हणाली!

आता थंड डोक्याने विचार करतो. एक पिशवी दोघांना! माझ्या प्रोग्रामने असं आजवर केलेलं नाही. मी स्वतः तपासलाय, शंभरदा. मग नवीन काय आहे? तिचा तुकडा. सर्व्हरमध्ये हात कुणाचा पोचतो? तिचा. माझं नाव खराब झालं तर फायदा कुणाचा?

बोट कुठे वळतंय ते दिसतंय.

१९ मार्च, बुधवार

बोललो. साहेबांसमोर, सगळ्यांसमोर.

साहेबांनी विचारलं, "झालं कसं हे?" आणि माझ्या तोंडून गेलं — "खालून कुणीतरी साठ्यात हात घातलाय. माझी निवड बदनाम व्हावी म्हणून."

"कुणी?"

"तळघरात बसतं कोण?"

दणकाबाई "अरे, अरे" करायला लागल्या. तेवढ्यावर थांबलो असतो तर मी मी कसला. पुढे म्हणालो, "आणि एकटीने नाही. तिथे कप दोन असतात."

 केबलवाल्याने हातातली पक्कड टेबलावर ठेवली, हळू, जशी काही ती फुटेल. पुढे मात्र आला नाही.

ती लाल झाली नाही, रडली नाही. माझ्याकडे बघितलं. पहिल्यांदाच इतका वेळ.

"हे मला येऊन विचारलंस का एकदा तरी?"

आणि उठून गेली. दार तिने लावून घेतलं. आवाज झाला नाही.

साहेब मला म्हणाले, "डोक्यात राख घालून घेतलीयस तू. आधी ती झाड. सोमवारपर्यंत मला कारण हवं. नाहीतर तुझी जागा वरही नाही आणि खालीही नाही."

२० मार्च, गुरुवार

तळघराच्या पायऱ्यांवर जाऊन परत आलो. ती आतून उठली आणि दार लावलं.

२१ मार्च, शुक्रवार

आज ती वर आली. माझ्या टेबलापाशी. आजवर कधी आली नव्हती.

"दोन टेबलं दे."

"कशाला?"

"दे तर." काखेत लॅपटॉप नाही, हातात कागद नाही, काही नाही. "माझा तुकडा मी मंगळवारीच काढून टाकलाय. तसाही तो सकाळी चालू नसतो, तुला माहीत आहे. आता फक्त तुझा प्रोग्राम आहे, जसाच्या तसा. साठा खोटा, तपासण्यापुरता. त्यात त्या गटाची एकच पिशवी ठेवलीय. तू त्या टेबलावर बस, मी या."

बसलो.

"तू तपासायचास तेव्हा किती टेबलांवर बसायचास?"

"एका."

"आणि दुसऱ्यावर?"

दुसऱ्यावर कोण असणार? मी शंभरदा तपासलं ते खरं, पण शंभर वेळा एकट्यानेच. एक टेबल, एक खिडकी, एक मागणी. माझ्याबरोबर त्याच क्षणी दुसरं कुणी त्याच पिशवीकडे बघत असेल हे डोक्यातच आलं नव्हतं!

"तीन म्हटलं की दाब. एक. दोन. —"

दाबलं. दोन्ही स्क्रीन हिरव्या झाल्या. माझा तो डोळ्यांना बरा वाटणारा हिरवा. दोन्हीवर तोच नंबर.

 ती बोलली, स्क्रीनकडे बघत.

"तुझ्या मशीनने वाचलं — मोकळी. माझ्या मशीनने वाचलं — मोकळी. दोघांनी आपापल्या डोक्यात ठरवलं आणि दोघांनी खाली कळवलं, मी घेतली. कुणीच खोटं बोललं नाही. पण वाचणं आणि कळवणं यांच्या मधे जग थांबून राहत नाही रे. सकाळी तार भरलेली असते, तेव्हा ही मधली फट आणखी वाढते. तू ज्याच्याकडे बघून ठरवत होतास ती नुसती प्रत होती. आणि तोवर शिळी झालेली."

"आणि खाली केलं तर?"

"खाली बघणं आणि घेणं एका दमात होतं, आतून कडी लावून. दुसरा आला तर कडी उघडेपर्यंत बाहेर थांबतो, डोळ्याचं पातं लवेपर्यंत. मग आत येतो तेव्हा त्याला दिसतं, पिशवी गेली. वेगापेक्षा मोठी गोष्ट म्हटलं होतं ती ही. त्या दिवशी हेच सांगत होते. तू पायऱ्यांवर होतास."

ते बाकावरचे काका आठवले. नंबर आहे म्हणजे पिशवी असेलच ना?

"परत एकदा दाबूया?" मी विचारलं.

दाबलं. तेच. मी म्हटलं, आणखी एकदा. तेच. तिसऱ्या वेळेला खात्रीची काही गरज नव्हती. ती शेजारी बसून एक-दोन म्हणत होती म्हणून मी म्हटलं. हे लिहायला नको, पण वही माझी आहे.

मग धीर केला. "परवा साहेबांसमोर मी जे —"

"हो," ती म्हणाली.

पुढे काहीतरी म्हणेल म्हणून थांबलो. म्हणाली नाही. खुर्ची नीट आत सरकवून गेली.

२४ मार्च, सोमवार

साहेबांना सांगितलं. कारण मी आहे. तार नाही, तळघर नाही, मीच.  केबलवाला दारात उभा होता, त्यालाही म्हटलं, "तुझे दिवे खरे होते." तो म्हणाला, "माझे कसले, दणकाबाईंचे." आणि तेवढ्यावर सोडून दिलं. इतकं सोपं असतं का सोडून देणं?

साहेबांनी विचारलं, "मग आता?"

"निवड खाली जाऊ दे. मी जातो घरी."

"घरी कशाला? तिने त्या दिवशीच मागितलंय तुला."

"कोणत्या दिवशी?"

"अरे, तू दार आपटून गेलास त्या दिवशी! ती म्हणाली, निवड खाली आणा, आणि ती लिहायला यालाच खाली पाठवा. पिशव्यांचे नियम याच्याइतके कुणालाच ठाऊक नाहीत. — अर्धं ऐकून पळालास तू."

दुसरं वाक्य होतं! आणि मी पहिल्यावरच तीन आठवडे जगलो!

दुपारी माझ्या प्रोग्राममधून निवड स्वतःच्या हाताने पुसली. वाटलं होतं, दात उपटल्यासारखं होईल. नाही झालं. उरलं ते किती मोकळं दिसत होतं! वरून एकच ओळ — दे. खालून एकच उत्तर — हा घे नंबर, किंवा नाही.

संध्याकाळी तळघरात गेलो. थंडीने दात वाजले. तिने खुर्चीवरचं निळं जॅकेट उचलून माझ्या अंगावर फेकलं.

"हे... त्याचं आहे ना?"

"कुणाचंच नाही. खोलीचं आहे. जो इथे काम करील त्याने घालायचं."

खाली बसलो. टेबलावर दोन कप होते. डोकावून बघितलं. एकात मोठे स्क्रू, दुसऱ्यात लहान.

२५ मार्च, मंगळवार

झोपलो नाही नीट. पण आनंदाने!

तिने मला मागून घेतलं! मला! कुणीही चाललं असतं की. हिरवा रंग आवडला, हेही तीच म्हणाली. "बघू" म्हणाली. जॅकेट स्वतः फेकलं, देऊ शकली असती, पण फेकलं, आपल्या माणसाकडे फेकतात तसं. मी असं बोलल्यावरही वर आली, शेजारी बसली, तिसऱ्यांदा दाबायला नाही म्हणाली नाही. सगळं जुळतंय. एकेक गोष्ट जुळतेय!

ताईला वाटलं मला ताप आलाय. कपाळाला हात लावून बघितला. "परवापर्यंत कट होता, आज काय लग्न आहे का?"

भावजी म्हणाले, "विचारलंस?"

"काय विचारायचंय त्यात! दिसतंच आहे."

"हं," भावजी म्हणाले. "घड्याळही बंद दिसतच होतं."

त्यावर मी चिडून उठलो. आणि अंथरुणात पडल्यावर कळलं, मी परत वरच निवडतोय. एकटाच, एकाच टेबलावर.

२७ मार्च, गुरुवार

विचारलं. समोर उभं राहून, एका वाक्यात.

"नाही," ती म्हणाली. लगेच. मग जरा थांबून, "मला कधीचं माहीत होतं रे. पण तू विचारलंच नाहीस, तर नाही तरी कशाला म्हणणार?"

"केबलवाला?"

"तोही नाही. कुणीच नाही. माणसाला नुसतं नकोही असतं."

निवडीचा शेवटचा नियम लिहून झाला होता. तिने चालवून बघितला. दोन मागण्या, एक पिशवी. एकाला नंबर गेला, दुसऱ्याला खरं उत्तर.

"उद्या लवकर ये," ती म्हणाली. "वरच्या खिडक्या जोडायच्यात. ते तुझं काम."

बरं म्हटलं. जॅकेट काढून खुर्चीच्या पाठीवर ठेवलं. बाहेर आलो आणि दार लावून घेतलं. आवाज झाला नाही.